शेवटचा आठवडा माझा

तेव्हा मी चाळिशीची होते, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता. नवऱ्याला टोकियोत सॉफ्टवेअरचं काम मिळालं आणि तिथल्या निशी-कसाई आणि आसपासच्या आम्हा मराठी बायकांची पुढारी मी आपोआप झाले. म्हणजे मीच मला केलं.

त्या दिवसांत टीव्हीवर श्रीमंत देशांची बैठक चालली होती. निर्वासित कोणी किती घ्यायचे? जो तो शेजारच्याकडे बोट दाखवी. पोहे परतता परतता मी त्या कोटवाल्यांना झापायची, "लाजा नाहीत मेल्यांना! वाटून घ्या की!"

त्याच आठवड्यात ब्रह्मदेशातून पळून आलेली आमच्या ओळखीची एक बाई बॅग घेऊन माझ्या दारात. भारतीय हॉटेलात भांडी घासायची. आश्रयाचा अर्ज अडकलेला, आणि राहत्या खोलीतून सकाळीच बाहेर काढलेली.

मी तिला चहा दिला आणि तातडीनं आमच्या बायकांची बैठक बोलावली.

आमच्या इमारतीत कचऱ्याची जागा झाडायची पाटी दारोदार फिरे. पाटी ज्याच्या दारावर, तो आठवडा त्याचा. तोच नियम मी बाईला लावला: दर आठवड्याला एकीच्या घरी मुक्काम. सुरेख तक्ता आखला.

"काकू, या महिन्यात सासूबाई येतायत," इचिकावाहून आलेली एक म्हणाली.

"आमच्या भाड्याच्या करारात पाहुणे चालत नाहीत हो," दुसरी म्हणाली. "पण ब्लँकेट देते मी!"

"मीही देते!"

पाहता पाहता पाच ब्लँकेटं जमली. अंथरायला जागा तेवढी नव्हती. माझ्याकडे एक खोली रिकामी होती. तिच्यात इस्त्रीचं टेबल राहायचं. अध्यक्ष म्हणून मी शेवटचा आठवडा घेतला. पहिल्यापुढे नाव कोणाचंच नव्हतं.

बाईनं आमचे कप विसळले, तक्ता पाहिला आणि मोडक्या जपानीत विचारलं, "आज?"

सगळ्या खिडकीबाहेर बघू लागल्या. ग्योतोकुहून एक नवी नवरी आली होती. नवराबायको एका खोलीत राहायची. ती उठून चपला घालू लागली.

"चला ताई. आमच्या ह्यांना स्वयंपाकघरात झोपवते."

मी आभाराचं भाषण केलं. पाचही ब्लँकेटं आम्ही तिच्याच खोलीत कोंबली. कागद मिळेपर्यंत, म्हणजे दीड वर्ष, बाई तिथेच राहिली.

परवा, इतक्या वर्षांनी, ती बाई निशी-कसाई स्टेशनबाहेर भेटली. मी गुडघा धरून बाकावर बसले होते. "घर जवळच आहे माझं, चला चहाला," चक्क मराठीत म्हणाली. जिना चढताना मला हात दिला आणि हसून म्हणाली, "तुमचा आठवडा अजून यायचाय. विसरले नाही हं मी!"

"ये की," मी धापा टाकत म्हटलं. "इस्त्रीच्या टेबलाला विचारून सांगते."