मागच्याचं मूठभर पीठ

आमच्या गिरणीचा वारस खरं तर मी. बन्सीधरांचा थोरला मुलगा. पण पीठ उडालं की मला शिंका सुरू व्हायच्या आणि गिरणी बंद झाली तरी त्या थांबायच्या नाहीत. म्हणून सोनपेठच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात गिरणी शिकली ती माझी धाकटी बहीण, धुरपता. दहाव्या वर्षी ती पट्ट्यापासून अंग राखायला शिकली, चौदाव्या वर्षी दगडाला टाकी लावायला. चिमूटभर पीठ बोटात चोळून दगड बोथट झालाय का ते सांगायची. शाळेत मात्र नापास. त्याचंही तिला काही वाटत नसे. "मास्तरला दगड उघडता येतोय का?" असं आम्हालाच विचारायची.

गिरणीत आमच्या आबांनी दोन नियम घातले होते. डबे ज्या रांगेनं आले त्या रांगेनं दळायचे, आणि चालती गिरणी मधे थांबवायची नाही, कारण विजेचा भरवसा नव्हता. एकाची ज्वारी संपत आली की दुसऱ्याची वरून ओतायची. त्यामुळे मागच्याचं मूठभर पीठ दगडात राहायचं आणि पुढच्याच्या डब्यात पडायचं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणी कधी त्याचं नाव काढलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात ते निघालं. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडं आगी लागत होत्या. आमच्या गावात घरं जळाली नाहीत, पण माणसांनी तोंडं फिरवली. एका सकाळी माणिकराव गिरणीत आले. गावातले मोठे जमीनदार, पंधरा घरं त्यांच्या शब्दात.

"बन्सीधर, भीमनगरचे डबे बंद कर. न्हाईतर त्यांना येगळा दिवस दे. आमच्या पिठात त्यांचं पीठ नको."

आबा खाली बघत राहिले. धुरपतानं मोटर बंद केली आणि सगळ्यांसमोर वरचा दगड पहारीनं उचकून बाजूला केला. आत पांढरं पीठ साचलं होतं.

"काका, ह्यात तुमचं कंचं हाय तेवढं निवडून घ्या," ती म्हणाली. "मग येगळं दळते."

रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माणिकराव निघून गेले आणि दुसऱ्या दिवसापासून पंधरा घरांचे डबे यायचे बंद झाले. त्यांची ज्वारी बैलगाडीतून लांबच्या गावी जाऊ लागली.

रांग निम्मी झाली. आबांनी सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत बघतो. मग मोटर विकतो आन् तुझं लगीन लावून देतो." मीही शहाणपणा केला, "धुरपे, एक दिवस वेगळा ठेवला तर काय बिघडतं?"

"दादा, तू लांब जाऊन शिंक," ती म्हणाली.

मला राग आला. ती बरोबर बोलते आहे हे कळत होतं, म्हणूनच आला.

भीमनगरच्या बायनाबाई मात्र ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी यायच्या, डबा रांगेत ठेवायच्या आणि खांबाला टेकून बसायच्या. "आमी कुठं जायलाव?" म्हणायच्या. "रांग आमची बी हाय."

लांबच्या गिरणीत रोज कोण जाणार? माणिकरावांकडं वीस-वीस दिवसांचं दळण एकदम यायचं. पावसाळी हवेत ते पीठ विरी गेलं, भाकरी थापता थापता फाटू लागली. माणिकरावांचा हुकूम गावभर चालत होता, परातीतल्या पिठावर चालेना.

दसरा आठ दिवसांवर असताना त्यांच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः डोक्यावर डबा घेऊन आल्या. त्यांना असं गावानं कधी पाहिलं नव्हतं. आबा धडपडत उठले आणि त्यांचा डबा पुढं न्यायला लागले.

"आबा, ऱ्हाऊ द्या तिथंच," धुरपता म्हणाली. "नंबर बायनाबाईंचा हाय."

बायनाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांची ज्वारी पडू लागली. ती संपत आली तशी धुरपतानं पार्वतीबाईंचा डबा उचलला आणि साधेपणानं विचारलं, "काकू, बंद करून दगड झाडू का?"

पार्वतीबाईंनी बायनाबाईंकडं पाहिलं. मग वर दिव्याकडं पाहिलं.

"कशाला? ईज जाईल. वत. घरी मी बघते."

धुरपतानं ओतलं. पार्वतीबाईंच्या डब्यात पहिली मूठ बायनाबाईंची पडली. दोघी शेजारी उभ्या राहून ते बघत होत्या.

दसऱ्यापर्यंत पंधरा घरांचे डबे एकेक करून परत रांगेत आले. दसऱ्याला मोटरीची पूजा झाल्यावर आबांनी करगोट्याला बांधलेली गिरणीची किल्ली सोडली. थोरला म्हणून माझा हात सवयीनं पुढं गेला. आबांनी किल्ली धुरपताच्या हातात दिली. मी हात मागं घेतला आणि मनापासून सांगतो, मला हायसं वाटलं. ह्या चौऱ्याण्णव साली नामांतर झालं, त्या दिवशीही गिरणी तिच्याच किल्लीनं उघडली.