पंचवीस टाचा

माझी भाची पुण्यात बॅले शिकायला लागली तेव्हा नऊ वर्षांची होती. बोटांच्या टोकांवर उभं राहून जायचं कुठे असतं, असं मी तिला फोनवर विचारलं होतं. तिनं अगदी गंभीरपणे सांगितलं होतं, की कुठेच नाही, फक्त उभं राहायचं. मी चिखलीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, वीस वर्षं खो-खो शिकवते. माझ्याकडची पोरगी धावते ती कुणाला तरी बाद करायला, नाहीतर स्वतः वाचायला. नुसतं उभं राहण्यासाठी एवढा घाम गाळणं मला पटत नव्हतं आणि ते मी लपवलंही नाही. पण पाय मला कळतात. समोरून चालत येणाऱ्याचा कोणता घोटा कधीतरी मुरगळला होता, हे मी बसल्या जागेवरून सांगते. घरचे त्याला नसता उद्योग म्हणतात.

म्हणूनच, ती नववीत असताना तिच्या उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटामागच्या हाडाला चीर गेली, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीनं पहिला फोन मला केला. दीड महिना पाय जाड बुटात अडकलेला होता. बूट निघाल्यावर डॉक्टर आणि नाचाच्या बाई यांनी मिळून एक कागद लिहून दिला. दोन महिन्यांचे व्यायाम आणि शेवटी एक परीक्षा. उजव्या पायावर एकट्यानं उभं राहून टाच पूर्ण उचलायची आणि सावकाश टेकवायची, अशा सलग पंचवीस. पंचविसावी पहिलीइतकीच उंच हवी, आणि पाय दुखता कामा नये. जमलं तर जूनमध्ये वर्गातली तिची जागा तिला परत. नाही जमलं तर तिच्या बरोबरीच्या मुली पुढे जाणार आणि ही मागे राहणार.

"ताई, तू ठेवून घे तिले दोन महिने," बहीण म्हणाली. "आम्ही दोघंबी नोकरीवर. अन् पायाचं ती माह्यं ऐकत नाही, तुह्यंच ऐकते."

मी हरखलेच. पुण्याला गेल्यापासून बहिणीला माझ्याकडून कधी काही लागलं नव्हतं. उलट मीच तिच्याकडे गेले की चपला कुठे काढायच्या तेही विचारून करायचे. आता तिला माझी विद्या हवी होती.

नववीची परीक्षा देऊन एप्रिलात भाची आली, एसटीतून उतरताना डावा पाय आधी टाकत. तिच्याजवळ फोन नव्हता. बहिणीनं मला समजावलं होतं, की बाईंचाच हुकूम आहे. पाय पक्का होईपर्यंत वर्गातल्या मुलींशी बोलणं नको, त्यांचे व्हिडिओ बघणं नको, पोरगी उतावीळ होते आणि पायावर जोर देते. मला हा नियम फार आवडला. स्पर्धेआधी मीही माझ्या संघाचे फोन काढून घेते. आपल्या मनासारखा नियम असला की तो कुणी केला, कशासाठी केला, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

शाळेच्या हॉलमध्ये गॅदरिंगचं लाकडी स्टेज आहे. फरशीवर तिला व्यायाम करायला मनाई होती, म्हणून मी सुट्टीपुरती हॉलची किल्ली मागून घेतली. ऊन चढायच्या आत, पहाटे साडेपाचला आम्ही तिथे असायचो. पहिले पंधरा दिवस ती पायाच्या बोटांनी जमिनीवरचा पंचा गोळा करायची, पुन्हा पसरायची, पुन्हा गोळा करायची. माझा नवरा एकदा किल्ली द्यायला आला आणि बराच वेळ बघत उभा राहिला. घरी येऊन म्हणाला, की एवढ्या लांबून आलेल्या पोरीकडून तू पंचेच गोळा करून घेतेस होय. भाची इतकी हसली, की तिला ठसका लागला.

मग टाचा सुरू झाल्या. उंची मोजायला मी माझा देशी उपाय काढला. तिला खिडकीजवळ उभं केलं, टाच पूर्ण उचलायला लावली आणि तिचा अंबाडा जिथे पोचला तिथे खिडकीच्या गजापासून स्टेजच्या पडद्याच्या हुकापर्यंत आडवी सुतळी बांधली. अंबाडा सुतळीला लागला तर ती टाच धरायची, नाही लागला तर नाही. पहिल्या दिवशी नऊ झाल्या. दहाव्या वेळी केस आणि सुतळी यांच्यात बोटभर अंतर होतं. तिचा घामेजलेला चेहरा बघून मी "दहा" म्हटलं.

"ती नव्हती लागली," ती म्हणाली आणि खाली बसली.

खरं सांगते, त्या क्षणी मला ती पोरगी आवडायला लागली. तोवर ती बहिणीची मुलगी होती म्हणून आवडत होती. माझ्या संघातल्या किती मुली पंचांना न दिसलेला स्पर्श स्वतःहून कबूल करतील, सांगता येणार नाही. मी तरी नसता केला.

दहा, बारा, बारावरच चार दिवस, मग पंधरा. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती बावीसला पोचली. एकदा व्यायाम झाल्यावर तिनं एका हातानं गज धरला, दोन्ही टाचा उचलल्या, दुसरा हात वर नेला आणि उभी राहिली. बस, उभी राहिली. बाहेर कुणीतरी अंगणात सडा टाकत होतं, त्याचा आवाज येत होता, आणि मी हातातली पाण्याची बाटली तशीच धरून बघत होते. मला तिचा हेवा वाटला. एवढं काहीतरी मलाही यायला हवं होतं, असं वाटलं. वीस वर्षांच्या नोकरीत असं कधी वाटलं नव्हतं.

त्या आठवड्याच्या बुधवारी मी नाचाच्या बाईंना फोन लावला. नंबर कागदावरच होता. रविवारी दुपारी मेहुणे तिला न्यायला येणार होते. त्याआधी बाईंनी मोबाइलवरून परीक्षा बघावी, एवढंच मला ठरवायचं होतं. बाईंना आधी मी कोण तेच कळेना. मग त्या म्हणाल्या, की तिच्या आईनं तर एप्रिलच्या सुरुवातीलाच नाव काढून घेतलं, दहावीचं वर्ष आहे म्हणाल्या. जागा दुसऱ्या मुलीला दिली. आणि फोनबंदीबद्दल विचारलं तर कसली फोनबंदी, असं त्यांनीच मला विचारलं. असं काही त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला. म्हणजे ती माझ्याकडे यायच्याही आधी.

बहिणीला फोन केला तर ती गडबडली नाही. उलट तिला बरंच वाटलं असावं.

"तुले सांगणारच होती मी. आता असं कर ताई, शनिवार-रविवारी तिले म्हण, पाय अजून कच्चा हाय, वर्षभर नाच नको. तुह्यावर तिचा विश्वास हाय. पाय मोडला ते एका परीनं बरंच झालं, नाहीतर दहावीत तिले कसं थांबवलं असतं आम्ही?"

आमच्या घराण्यात ज्याचा नकार असतो तो स्वतः कधी बोलत नाही. स्थळ पसंत नसेल तर पत्रिका जुळत नाही म्हणायचं, आणि तेही मधल्या माणसाच्या तोंडून. कुणाचं मन मोडत नाही, कुणी वाईट होत नाही, पुढच्या लग्नात पुन्हा एका पंगतीला बसता येतं. बारावीनंतर माझ्या या बहिणीला शिकायला नागपूरला जायचं होतं. वडिलांची इच्छा नव्हती. त्यांनी मामाला पुढे केलं, आणि वसतिगृहात जागाच उरली नाही असं मामानं येऊन सांगितलं. मेहकरच्या कॉलेजात तिचं नाव घातलं. खरी गोष्ट तिला लग्नानंतर कळली, मामाच्याच तोंडून, हसण्यावारी. त्या दिवशी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती. फोनवर मी तिला त्याची आठवण करून दिली.

"मंग?" ती म्हणाली. "माह्यं काही वाईट झालं काय?"

मला संताप आला. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवायची होती, तर निदान खांद्याला विचारायचं तरी. पण संतापाहून मोठं होतं ते दुःख. तिला माझी विद्या हवी होती म्हणून मी दोन महिने फुगून गेले होते, आणि तिला हवा होता तो माझा शब्द, खोटं बोलायला. परक्यानं केलं असतं तर मी भांडले असते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, भांडणार कुणाशी?

तरी भांडले. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, रोज भाची अंघोळीला गेली की मी अंगणात जाऊन फोन लावायचे. तिसऱ्या दिवशी मेहुण्यांनी फोन घेतला. फार सभ्य माणूस. ताई, एका वर्षाचाच तर प्रश्न आहे, म्हणाले. पंधराव्या वर्षी नाचातलं एक वर्ष म्हणजे काय, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता, मलाही ते दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. शनिवारी बहिणीनं फोन उचलला नाही.

आणि गुरुवारपासून तिन्ही दिवस मी पहाटे साडेपाचला हॉलमध्ये उभी राहून टाचा मोजत होते. गुरुवारी तेवीस. शुक्रवारी चोवीस. शनिवारीही चोवीस. मी शाबास म्हणत होते. बहीण ऐकेल, मग हिला काही कळायचीच गरज नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

रविवारी मी तिच्या आधी हॉलवर गेले. सुतळीच्या दोन्ही गाठी सोडल्या आणि दोन बोटं वर बांधल्या. बहिणीचं बरोबर असेल, असं मला त्या पहाटे वाटत होतं. पोरीनं घरच्यांवर चिडून वर्ष काढण्यापेक्षा पायावर चिडलेली बरी. दहावी होईल, घरात भांडण नाही, कुणी वाईट नाही. वडिलांनी आणि मामानं असाच विचार केला असेल.

ती आली, अंबाडा घट्ट केला आणि सुरुवात केली. पहिली लागली नाही. दुसरी, तिसरी लागली नाही. सातवीपर्यंत तिनं बोटांच्या पेरांवर जाण्याइतकी टाच ताणली. मग ती थांबली. तिनं सुतळीकडे बघितलंच नाही, माझ्याकडेही नाही. ती पायाकडे बघत होती.

"कालपर्यंत लागत होतं," ती म्हणाली. "मावशी, माझा पाय परत बिघडला का गं?"

मला ते ऐकवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, नाव काढल्याचं, फोनचं, सुतळीचं. ती स्टेजच्या कडेला बसून ऐकत होती. रडेल म्हणून मी जवळ गेले, तर ती थोडी सरकून बसली.

"तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

तिनं मनाशी हिशेब केला. "म्हणजे गुरुवारी तेवीस झाल्या तेव्हा तुला माहीत होतं. तू मला कडेवर उचलून घेतलंस."

मी म्हणाले, की मी रोज तिच्या आईशी भांडत होते.

"आईचं ठीक आहे," ती म्हणाली. "तिला नाच कधी आवडलाच नाही. सुतळी तू वर केलीस."

ती उठली. कोपऱ्यातला बाक ओढत आणला, त्यावर चढली आणि सुतळी खाली घेतली. गजाच्या रंगावर जुन्या गाठीची घासलेली खूण होती, बरोबर तिथे बांधली. हुकाकडची बाजूही नीट बघून बांधली. मग खाली उतरून उजव्या पायावर उभी राहिली. मी सवयीनं "एक" म्हटलं, तर तिनं हात वर करून मला थांबवलं आणि स्वतः मोजायला लागली. विसावीनंतर तिचा पाय थरथरत होता. पंचविसावी सुतळीला लागली. मी नीट बघत होते, लागली.

तिनं टाच टेकवली, सावकाश, कागदावर लिहिल्याप्रमाणे. घाम पुसला, चपला घातल्या.

"आता आईला फोन कर," ती म्हणाली. "काम झालं म्हणून सांग. मला खरं कळलंय ते नको सांगूस. मी बाबांसमोर काही बोलणार नाही."

मी नको म्हटलं. तिनं माझ्या पर्समधून माझा फोन काढून माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. या वेळी बहिणीनं लगेच उचलला.

"सांगितलं तिले?"

"सांगितलं."

"रडली काय?"

"नाही."

पलीकडे बहिणीनं सुटल्यासारखा श्वास सोडला. "म्हंजे पटलं तिले. पटलं न ताई?"

भाची माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं.