नाव झाकलेली फाईल

फौजेतून पेन्शन घेऊन आलेल्या माणसाकडे गावाला सांगायला दोनच गोष्टी असतात, बर्फ आणि बढती. बर्फाचं एकदा ऐकलं की लोकांचं पोट भरतं. बढतीचे किस्से मात्र साठतच जातात, कारण बढती कशी मिळते ते कुणालाच नीट कळत नाही. मी सुभेदार क्लार्क म्हणून रिटायर झालो. सगळी नोकरी अफसरांच्या फायली लावण्यात गेली. त्यामुळं चकलांब्याकडच्या आमच्या गावात, स्टँडवरच्या हॉटेलात चहाला बसलो की हुद्द्यांच्या शंका माझ्याकडंच येतात. सगळ्यात जास्त अण्णांच्या.

अण्णा म्हणजे आमचे तेव्हाचे सरपंच. त्यांचा पोरगा राजू फौजेत अफसर. राजूनं कर्नल व्हावं, त्याच्या हाताखाली अख्खी पलटण यावी, आणि ते आपण डोळ्यानं बघावं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं.

*

राजू मेजर झाला तेव्हा अण्णांनी हॉटेलात पेढे वाटले. हॉटेलवाल्या बब्रूनं पेढा तोंडात टाकला. म्हणाला, "लई चांगलं झालं. गावात आता आठ मेजर झाले."

आमच्याकडं फौजेतून आलेला शिपाई असो की हवालदार, गाव त्याला मेजरच म्हणतं. मलाही मेजरच म्हणतात.

अण्णा तापले. "अरे, ह्यो खरा मेजर हाय!"

बब्रूनं माझ्याकडं बघितलं. "मंग हे आमचे सात?"

मी चहा पीत राहिलो.

*

"आता फुडलं कसं करतेत?" अण्णांनी विचारलं. "मतदान?"

"न्हाई अण्णा. लेफ्टनंट कर्नलपर्यंत वर्षं भरायची, परीक्षा पास व्हायची. हुद्दा मिळतोय."

"इरोधात कुनी उभं ऱ्हात न्हाई?"

"न्हाई."

"म्हंजी बिनविरोधच की," अण्णा म्हणाले. त्यांचा रसच गेला.

*

वर्षं भरली, राजू लेफ्टनंट कर्नल झाला. पोरांनी चौकात बॅनर लावलं, 'कर्नलपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. राजूचा फोटो छोटा, लावणाऱ्या अकरा जणांचे मोठे. मी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, अजून एक पायरी राहिलीय.

अण्णा विचारात पडले. "म्हंजी सध्या उपसरपंचावानी का?"

"तसंच समजा."

"मंग बॅनर राहू दे. फुडं तेच लागनार हाय."

*

मधल्या काळात अण्णांची स्वतःची खुर्ची गेली. सरपंचपद बायांसाठी राखीव झालं. अण्णांनी भावजय उभी केली, ती पडली, आणि मेंढरं राखणाऱ्या घरातल्या कौसाबाई निवडून आल्या. बाई ग्रामपंचायतीत आल्या की सगळे उठून उभे राहायचे.

"मी कावून उठू बे?" अण्णा मला म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी तिकडं पाऊल टाकलं नाही. झेंडावंदनालाही नाही. आता सगळी भिस्त राजूवर.

*

फौजेत खरी गाठ लेफ्टनंट कर्नलच्या पुढंच असते. कर्नलसाठी निवडीचं बोर्ड बसतं. जागा थोड्या, अफसर भरपूर. हे ऐकून अण्णांना तरतरी आली.

"मंग बोर्डात वळखीचं कोन हाय? आमदारांची चिठ्ठी आनतो."

"चालत न्हाई अण्णा. बोर्डाफुडं फाईल जाती तवा नाव झाकलेलं असतंय."

"नाव झाकल्यावर आपला मानूस कोनता, हे त्यायला कळावं कसं?"

"कळू नये म्हनूनच झाकतेत."

"खराब पद्धत हाय," अण्णा म्हणाले.

*

अशी तीन वेळा फाईल जाते. तिन्ही वेळा राजूचा नंबर लागला नाही. त्यानं आधी मला फोन केला. "काका, अण्णांना मी येऊन सांगतो." मला फार वाईट वाटलं. चांगल्या अफसरांच्या फायली मागे राहिलेल्या मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या होत्या, पण ते आपल्या गावचे नव्हते.

राजू सुट्टीवर आला, ओट्यावर बसला आणि त्यानं सरळच सांगितलं. "अण्णा, आणखी वर्षं भरली की हुद्दा मिळंल, पण पलटण मिळायची न्हाई. आमचा नवा सीओ, पलटणीचा मुख्य, माझ्याहून दोन वर्षांनी ज्युनियर हाय. मीच शिकवलेला."

"मंग सकाळी तो आला की?"

"मी उठतो. सॅल्यूट करतो."

"आन् तो?"

"तोबी करतो."

अण्णा उठले, गोठ्यात गेले आणि बराच वेळ बैलापाशी उभे राहिले.

*

राजू ड्यूटीवर परतला. मग पंधरा ऑगस्ट आला. ग्रामपंचायतीपुढं खुर्च्या मांडल्या होत्या. तीन वर्षं न आलेले अण्णा इस्त्रीचं धोतर नेसून आले आणि मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसले.

कौसाबाई आल्या. सगळे उठले. अण्णांचे गुडघे गेलेले. उजव्या हातानं माझा खांदा घट्ट धरून तेही उठले, आणि बाई समोरून जाताना त्यांनी मोकळा हात कपाळाला लावला.

बाई थबकल्या. मागं वळून बघितलं, दुसरं कुणी नव्हतं. पदर सावरला आणि त्यांनीही हात वर केला.

बब्रू माझ्या कानाशी आला. "मेजर, अण्णांनी डाव्या हातानं केला. चालतंय का?"

"चालतंय," मी म्हणालो.