नानांची रिकामी पेटी

नाना कुणाच्याही घरी आले की बसायच्या आधी म्हणत, "पेटी आना." पेटी म्हणजे प्रथमोपचाराची. आमच्या उलव्याच्या सोसायटीत ती घरोघरी ठेवायला लावली नानांनीच. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात निर्जंतुक पट्ट्या, कापूस, चिकटपट्टी, कात्री, जखम धुवायचं औषध. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासणी. चष्मा कपाळावर सरकवून ते औषधावरची तारीख वाचत, आणि ती उलटून गेलेली असली की आमच्याकडे असं बघत, की शाळेची आठवण व्हावी.

नाना मूळचे खाडीकाठच्या गावातले. गाव विमानतळाच्या जागेत गेलं आणि ते आमच्या शेजारी राहायला आले, एकटेच. नोकरी उरणला, कंटेनरच्या यार्डात झाली होती. तिथे एकदा जोडीदाराचा हात चेपला, तेव्हा पेटी कपाटात होती आणि कपाटाची चावी जेवायला गेलेल्या साहेबाच्या खिशात. "चावी येस्तवर रगत थांबत नाय," एवढंच ते सांगत. जोडीदाराचं पुढे काय झालं, ते विचारायची आमची हिंमत झाली नाही. पेटीला कडी लावलेलीसुद्धा त्यांना खपत नसे.

आमच्या घरी चोर होती माझी आई. पेटीतल्या कापसाच्या ती देवासाठी वाती वळायची. एका रविवारी कापूस पार संपलेला सापडला. नाना रागावले नाहीत. आपल्या घरून एक पुडा आणून देवघरात ठेवला, दुसरा पेटीत. "वयनी, देवाचा येगला, मानसाचा येगला." आई पदराआड हसली, पण तेव्हापासून सुधारली.

मग एका दुपारी जिन्यातल्या दिव्याची काच काढताना ती फुटून नानांच्याच मनगटात घुसली. रक्त पायऱ्यांवरून ओघळायला लागलं. मी त्यांच्या घरात धावलो. सगळ्यांत भरलेली पेटी त्यांचीच असणार. उघडली, तर आत एक कात्री. मी घाबरलो, हे कबूल करतो. परत आलो तोवर आई आमची पेटी घेऊन जिन्यात बसली होती, नानांचा हात वर धरून पट्टी गच्च दाबत होती. "दाबून धर, वयनी. उचलून बगू नको," नाना तिला शिकवत होते. दवाखान्यात सात टाके पडले.

रिक्षातून परतताना मी जरा चिडूनच विचारलं, तुमचीच पेटी रिकामी कशी? आमच्या पेट्यांत जे कमी पडे, ते नाना आपल्या पेटीतून भरत आले होते. म्हणाले, "माज्या घरान मी एकटाच. मना लागलं तं तुमी हाव ना."

गेल्या वर्षी पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने त्यांना आपल्याकडे नेलं. ते गाडीत बसल्यावर आईने त्यांच्या मांडीवर एक पेटी ठेवली, गच्च भरलेली. "तिथे शेजारी कोण असेल, काय माहीत," ती म्हणाली. नानांनी चष्मा वर सरकवला आणि एकेक तारीख वाचत बसले. मुलगा गाडी सुरू करून थांबला होता. तळाशी, कापसाच्या शेजारी, आईने वळलेल्या वाती होत्या. नानांनी त्या हातात घेतल्या, आईकडे पाहिलं, आणि होत्या तिथेच परत ठेवल्या.