न्यूट्रलची केबल

काल प्रताप नगरच्या घरी कुकरची रबरी रिंग जळाली आणि त्या वासाबरोबर मी थेट चाकसूजवळच्या जुन्या कारखान्यात जाऊन पोचले.

तिथे मी नवी इंजिनिअर होते. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपासून त्याला जमिनीशी जोडणाऱ्या रेझिस्टरपर्यंतची केबल अकरा हजार व्होल्ट सोसणारी हवी, असं मी लिहून दिलं होतं. आमच्या साहेबांनी ते लाल पेनाने खोडलं. "न्यूट्रलमध्ये काय असतं, मॅडम? साधी केबल टाका." एरवी तिथे काही नसतं, हे खरंच. पण एखाद्या फेजची तार जमिनीला भिडली, की त्याच केबलवर सहा हजारांहून जास्त व्होल्ट चढतात.

एका दुपारी तसंच झालं. केबल फुटली आणि शेजारी काम करणाऱ्या रामअवतारजींचे, आमच्या फिटरचे, दोन्ही हात भाजले.

चौकशीत साहेब म्हणाले, "याने केबलचा जोड कच्चा केला होता." पट्ट्या बांधलेले हात जोडायचा प्रयत्न करत रामअवतारजी पुटपुटले, "गलती हो गई होगी, साहब." माझं डोकंच फिरलं. तो खोडलेला कागद मी टेबलावर आपटला. "जोड पक्का होता. केबल चुकीची होती, आणि ती तुम्ही टाकायला लावलीत!"

अहवाल सुधारला गेला, केबलही बदलली. तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. आता संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि त्यात मीही आले. त्या खोलीत माफी एकाच माणसाने मागितली, आणि ती परत घ्या, असं त्यांना आम्ही कुणीच म्हणालो नाही.