उजव्या हाताचं यान

यान सरळ वर सोडलं की सरळ खाली येऊन आपटतं, एवढं कळायला मला आठवडा लागला. तोवर लॅपटॉपचा, नवऱ्याचा आणि तो खेळ बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला होता.

खेळ नवऱ्याचा, लॅपटॉपवर अंतराळयान जोडून उडवायचा. तो रांजणगावला कंपनीत, शिरूरला खोली करून राहतो, रविवारी दौंडला घरी येतो. मी कुरकुंभला औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये, पहिल्या पाळीला. घरी दिवसभर एकटे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. मामा रेल्वेत होते. दौंड जंक्शनात गाडीची दिशा बदलायची तर पुढचं इंजिन सोडून मागच्या टोकाला जोडायला लागायचं, त्या जोडाजोडीत त्यांची नोकरी सरली. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. बाकी सगळं शाबूत, जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार.

अडचण झाली जेवणाची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडम म्हणाल्या, डाव्या हातात चमचा द्या. मामा भडकले. "डाव्या हातानं घास? मेलो तरी न्हाई!" मग मीच भरवायचे. सुनेच्या हातनं खायचं म्हणून ते मान खाली घालायचे आणि चार घासांत "बास" म्हणायचे. दुपारी शेजारच्या काकू भरवायला आल्या, तर त्यांना दारातनंच वाटेला लावलं. कपभर दुधावर दुपार काढायचे. सदरा अंगावर लोंबायला लागला. मला रडू यायचं आणि रागही यायचा. असं किती दिवस चालणार होतं?

मॅडमनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी खिडकीतनं बाहेर भिरकावला. "मी काय रांगतं प्वार हाय?" पण रविवारी नवरा यान उडवत बसला की मामा टक लावून बघायचे, ते मी हेरलं. बटणं दाबायची म्हणजे बोटं हलणार. बोटं हलली की हात येणार आणि हात आला की माणूस आपल्या हातानं जेवणार. मी नवऱ्याकडून लॅपटॉप घरीच ठेवून घेतला, मामांच्या पुढ्यात मांडला आणि बजावलं, "मामा, उजव्या हातानंच हां!"

आता शिकवणार मी, आणि मला त्यातलं ओ का ठो कळेना. नेटवर सल्ल्यांचा ढीग, निम्मे हिंदीत, निम्मे इंग्रजीत. पहिलं यान मी उसाच्या ट्रॉलीसारखं भरलं. इंधनाच्या टाकीवर टाकी, असू द्या, लागली तर. इंजिन पेटलं, धूर निघाला, यान जागचं हलेना. टाक्या काढल्या तर उडायच्या आधीच पॅराशूट उघडलं, कारण आधी काय सुटणार आणि नंतर काय, तो क्रमच मी उलटा लावला होता. मग सल्ला असा, की थोडं वर गेल्यावर हळूहळू आडवं व्हा. अहो, जायचंय वर, तर आडवं कशाला? म्हणे आडवा वेग इतका पाहिजे, की यान पडता पडता जमीनच चुकली पाहिजे. हे मी पाठ केलं. कळलं म्हणाल तर अजून नाही.

एकच गोष्ट मामांना चटकन उमगली. यान कसंबसं पृथ्वीभोवती फिरायला लागलं, आता खाली आणायचं, तर त्याला ब्रेकच नाही. मी नुसती बटणं बडवत होते. मामा म्हणाले, "आगं, त्वांड फिरव की! इंजिन पुढच्या अंगाला येऊ दे, मग लाव जोर." तसं केलं आणि यान खरंच मंदावून खाली यायला लागलं. वाटेत जळून खाक झालं ते वेगळं, तळाला उष्णता झेलणारी ढाल लावायची मी विसरले होते. पण मामा वर्षभरात पहिल्यांदा खदखदून हसले.

त्यानंतर ते एकटेच खेळायला लागले. चार वाजता कंपनीच्या बसमधून उतरून घरी यावं, तर पडद्यावर रोज काहीतरी नवीन. कधी यान पृथ्वीभोवती अगदी गोल फिरतंय, कधी आतला हेल्मेटवाला बुटका समुद्रात सुखरूप उतरलाय.

"उजव्यानं ना?" मी विचारायचे.

"मग?" मामा म्हणायचे.

मी लगेच नवऱ्याला फोन करायचे, हात सुधारतोय म्हणून. शनिवारी मॅडमनी बोटं दाबून बघितली आणि मान हलवली. "पकड काहीच नाही हो. बोटं हलतच नाहीत." मी चक्रावले. मग यान कोण उडवतंय? जेवणही तेच, चार घास आणि बास. मॅडमलाच काही कळत नसेल, अशी मी मनाची समजूत घातली.

एक दिवस कंपनीतली मशिनं बंद पडली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. घरात शिरले तर मामा दाराकडे पाठ करून बसलेले. उजवा हात मांडीवर, तसाच पडलेला. आणि डावा बटणांवर! काय सफाईनं चालत होता! यान फिरवलं, इंजिन पेटवलं, पॅराशूट वेळेवर उघडलं.

"मामा! इतके दिवस मला येड्यात काढलं?" मी ओरडलेच.

ते दचकले. मग पडद्याकडे बघत म्हणाले, "उजवा न्हाई येत, पोरी. पयल्याच दिशी कळलं मला. पन तू दारातनं आली की आधी हिकडं बघायची आन् हसायची. म्हनलं, हसू दे."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्यांच्या हातासाठी की माझ्या खुळेपणासाठी, मला सांगता येणार नाही. मग त्याच रागात आमटीत भाकरी चुरली, ताट त्यांच्यापुढं आदळलं आणि चमचा डाव्या बाजूला ठेवला.

"त्या बुटक्याला आभाळातनं खाली आणायला डावा हात चालतो, आणि घास ताटातनं तोंडात न्यायला चालत नाही?"

मामांनी चमच्याला हात लावला नाही. आमटी निवत चालली. मीही भरवायला पुढं झाले नाही. बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले, "तू तिकडं त्वांड कर."

मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. मग चमचा ताटाला लागला. थांबला. पुन्हा लागला. आता "बास" येणार म्हणून मी जीव मुठीत धरून उभी.

"आमटी हाय का आजून?" मामांनी विचारलं.

"हाय की," मी म्हणाले. पण आता वळायचं की नाही, तेच मला कळेना.