बाराशेच्या बुटांची धारूरच्या वाटेवर झालेली परीक्षा

बूट घेतले तेव्हा बीड जिल्ह्यात जायचं डोक्यातसुद्धा नव्हतं. लातूरच्या गंजगोलाईजवळ एका चिंचोळ्या दुकानात काचेमागे ते दिसले. रंग राखाडी, किंमत बाराशे. कंपनीचं नाव वाचून नवरा म्हणाला, "हे तर औषधाचं नाव वाटतंय." मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. म्हटलं, "या नावाचं औषधही नाही."

माझं वय त्रेचाळीस. तीन वर्षांपूर्वी शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले चाला, आणि चालता चालता मी कधी पळायला लागले ते मलाच कळलं नाही. आधीचे महागडे बूट झिजले होते. रोज पळायला परवडणारा, अनोळखी कंपनीचा बूट टिकतो का, असं या ब्लॉगवर तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलं होतं. पण आमच्या कॉलनीतल्या गुळगुळीत डांबरावर कुठलाही बूट पास होतो. केजला माझी कॉलेजातली मैत्रीण मीना नर्स आहे, ती कधीची बोलावत होती. तेव्हा ठरवलं. घाटनांदूर, अंबाजोगाई, केज आणि शेवटी धारूरचा किल्ला. सकाळी पळायचं, उरलेलं अंतर एसटीने किंवा जीपने. एप्रिलचे दिवस आणि साल दुष्काळाचं. "याच वर्षी कशाला?" असं नवऱ्याने एकदाच विचारलं. त्याचं ऐकलं असतं तर ही पोस्ट लिहिलीच नसती.

पहिला दिवस

परळीकडे जाणाऱ्या पॅसेंजरमधून घाटनांदूरला उतरले. स्टेशनबाहेर चहा आणि गरम भजी घेतली. टपरीवर बसलेले एक पांढऱ्या फेट्याचे आजोबा मी नाड्या बांधताना निरखून बघत होते.

"कावून पळायलात बाई? जीप हाय की."

"नवे बूट कसे आहेत ते बघायचंय, आजोबा."

"बुटाचं काय बघता? पाय बघा, पाय. त्यो सांगतो."

अंबाजोगाईच्या रस्त्याला सात किलोमीटर पळाले. दोन्ही बाजूंना शेतं उघडी पडलेली, विहिरींच्या तळाशी नुसता गाळ. पाण्याचे दोन टँकर घरघरत मागून पुढे गेले. बूट मात्र हलके होते, कुठे चावले नाहीत. पुढे जीपला हात केला. शेअर जीप पुरेशी माणसं भरल्याशिवाय निघत नाही, तेव्हा हातात अर्धा तास जास्तीचा ठेवा. मुक्काम अंबाजोगाईला, साध्या लॉजवर सहाशे रुपयांत. जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्य भाजून, दळून केलेला इकडचा मसाला. मी दोनदा आमटी मागून घेतली.

दुसरा दिवस

पहाटे अंबाजोगाईत योगेश्वरीच्या देवळापर्यंत पाच किलोमीटरची हलकी फेरी, मग एसटीने केज. मीनाकडे पोचले तेव्हा तिची ड्युटी संपत होती. रात्री जेवताना तिने बजावलं, "उद्या साडेपाचला निघ. नऊनंतर रस्त्यावर राहू नकोस. आमच्याकडे रोज उन्हाचे पेशंट येतायत." मी मान हलवली. मान हलवणं सोपं असतं.

तिसरा दिवस

उठायलाच उशीर झाला, त्यात जीप भरेना. धारूरच्या अलीकडे दहा किलोमीटरवर उतरले तेव्हा नऊ वाजून गेले होते. वाटलं, दहाच तर आहेत, सव्वा तासाचं काम. पाण्याची एक बाटली होती. ओआरएसची पाकिटं मीनाच्या टेबलावर राहिली होती. दुकानात दिवसातून दहादा तीच विकणारी बाई मी!

रस्ता सारखा चढत-उतरत जातो. कडेला बाभळी आणि पानं झडलेली सीताफळीची झुडपं. पाचव्या किलोमीटरला पाणी संपलं. रस्त्याकडेचा हातपंप हापसून पाहिला, तो नुसता खोकला. सहाव्या किलोमीटरला माझा घाम थांबला. हे वाईट लक्षण आहे हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी डोकं म्हणत होतं, त्या वळणापर्यंत जाऊ. वळणावर एक कडुलिंब होता. त्याच्या बुंध्याशी मी बसले, आणि उठता येईना. फोन काढला तर अक्षरं हलत होती. खरं सांगते, त्या वेळी मला फार भीती वाटली. माझी मुलगी त्या दिवशी शाळेतून गॅदरिंगचे फोटो आणणार होती, एवढंच डोक्यात येत होतं.

समोरून डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई येत होती. पंचावन्नच्या पुढची, काटक, डाव्या पायाने लंगडत. टाचेला फडकं बांधलेलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, हंडा उतरवला आणि एक शब्दही न विचारता माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. मग मानेवर. मग ओंजळ धरायला लावून म्हणाली, "घोट घोट पी. हापापू नको."

माझ्या तोंडून शब्द फुटला तो एवढाच, "मावशी, पाणी वाया चाललंय."

"वाया कावून? माणूस हायेस की तू."

टँकर वस्तीपर्यंत चढत नाही, तो खाली रस्त्यावर उभा राहतो आणि वस्तीतल्या बायका दीड किलोमीटर चढून पाणी नेतात, हे मला नंतर कळलं. ती त्या दिवशीची तिची तिसरी खेप होती. अर्धा हंडा माझ्या अंगावर गेला होता.

तिचं नाव कौसाबाई. हाताला धरून तिने मला जवळच्या एका पत्र्याच्या खोलीत नेलं. बाहेर पाटी होती, महिला दूध संस्थेची. आत दुधाचे कॅन, फॅट तपासायचं यंत्र आणि गार फरशी. त्या फरशीवर मला झोपवून तिने मीठ घातलेलं ताक पाजलं. तासाभराने डोळ्यांसमोरचं सगळं जागेवर आलं. मी मीनाला फोन लावला, तिने शिव्या घातल्या, मग कौसाबाईंकडे फोन द्यायला सांगितला. कौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "आता बरी हाय. आज न्हाई सोडत मी हिला."

कौसाबाई त्या संस्थेच्या अध्यक्ष. वस्ती त्यांना चेरमनबाई म्हणते. दुपारभर त्या माझ्याशेजारी कॅन पुसत बोलत होत्या. लग्न झाल्यापासून वीस हंगाम त्यांनी नवऱ्याबरोबर ऊस तोडला. दिवाळी झाली की बैलगाडीत संसार भरायचा, कारखान्याच्या फडावर पाल ठोकायचं, उन्हाळ्यात परतायचं. "मग बायाबायांनी मिळून ही संस्था काढली. एकेक गाय घेतली. निम्म्या वस्तीनं जाणं सोडलं. लेकरं एका जागी शिकली." त्यांनी पुढचा कॅन ओढला. "आवंदा चारा न्हाई. गाय इकली की पुन्हा कोयता हाय."

टाचेचं विचारलं तर म्हणाल्या, "काटा. हिवराचा. सपातातून आरपार गेला." सपात म्हणजे साधी चप्पल. मी दुकानातल्या सवयीने फडकं सोडलं. जखम चिघळत चालली होती. मी ती धुऊन, माझ्या बॅगेतलं मलम लावून नीट बांधली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला बजावलं. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

"हे बूट केवढ्याचे?"

सांगितलं. त्यांनी एक बूट उचलून तळवा वाकवून पाहिला, नखाने दाबला, वास घेतला. म्हणाल्या, "उद्या सकाळी दूध घातल्यावर आमची सभा हाय. तवर राहतीस का? हे बूट बायांना दाखवायचेत."

चौथा दिवस

सकाळी सहापासून बायका चरव्या घेऊन येऊ लागल्या. दूध मोजून झालं आणि तीसेक जणी फरशीवर बसल्या. विषय एकच होता. संस्थेकडे वर्षाचा बोनस वाटायचा होता. त्याचा सगळ्यांसाठी मिळून चारा आणायचा, की पाणी आणि दूध वाहणाऱ्या प्रत्येकीला बूट घ्यायचे? त्या महिन्यात काट्याने किंवा घसरून चौघी जायबंदी झाल्या होत्या.

आधी माझ्या बुटांची तपासणी झाली. मी आजवर कितीतरी बुटांबद्दल इथे लिहिलंय, पण अशी परीक्षा मला कधी सुचली नसती. सहा नंबर ज्यांना बसला त्यांनी एकामागून एक घातले. भरला कॅन घेऊन मुरमाच्या उतारावरून खाली जाऊन वर आल्या. तिथे बूट पास. कुणीतरी फरशीवर मुद्दाम तांब्याभर पाणी ओतलं, तिथे बूट सर्रकन घसरला, दोघींनी तिसरीला धरलं आणि सगळ्या हसल्या. मग एकीने बाभळीचा काटा आणून वरच्या जाळीत खुपसला. तो आत गेला. तळव्यात मात्र गेला नाही.

शांताबाई साठीच्या. जन्मात कधी बंद बूट घातला नव्हता. पहिली चार पावलं त्या तापलेल्या तव्यावर चालल्यासारख्या चालल्या, मग थांबून खाली बघत म्हणाल्या, "अगं बया! पायाखाली कुणी गोधडी आंथरल्यावानी लागायलंय. लई हलकं हाय." बूट काढताना त्यांनी उगाच वेळ लावला.

मग खरं बोलणं सुरू झालं. शांताबाई उभ्या राहिल्या. "ऊस तोडाया जाताना बैलाला नाल मारत होतो का न्हाई? दरसाल मारत होतो. बैल लंगडला तर गाडी थांबती म्हणून. मग बाई लंगडली तर काय थांबत न्हाई व्हय? पाणी कोण आणणार? धार कोण काढणार?"

मला वाटलं, संपलं, बूटच येणार. मग कौसाबाई बसल्या जागेवरून बोलल्या. "शांते, तुझं खरं हाय. माझीच टाच बघ. पर दावणीला गाय ऱ्हायली तरच आपण हितं ऱ्हातो. गाय गेली तर बूट घालून कुठं जायचं? फडावर?"

हात वर झाले. चाऱ्याच्या बाजूने जास्त होते. कौसाबाईंचाही त्यातच, बांधलेली टाच पुढे पसरून बसलेल्या. शांताबाईंनी आधी मोजून घेतलं, मग स्वतःचाही हात वर केला. "घ्या, एकमतानं करा," म्हणाल्या आणि रिकामी चरवी उचलून त्याच झिजलेल्या सपातांवर निघून गेल्या.

मला राहवलं नाही. कौसाबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "मावशी, हे बूट शांतामावशींना राहू द्या." त्यांनी माझा हात दाबला. रागावल्या नाहीत. "एकीला दिले तर बाकीच्यांनी कुठं बघायचं? दिलेलं नगं, पोरी. घ्यायचेच हायत आमाला, आमच्या दुधाच्या पैशानं. तू एक कर. ते घसरतंय आन् जाळीतून काटा जातोय, ते दुकानदाराला जाऊन सांग."

संस्थेच्या दुधाच्या टेम्पोने मला धारूरला सोडलं. ज्या किल्ल्यासाठी आले तो तासभर हिंडून पाहिला. तटावरून खाली डोंगरांच्या करड्या रांगा दिसतात, किल्ल्यातल्या टाक्यात तेव्हा हिरवट पाण्याचा थर तेवढा होता. तुम्ही गेलात तर सकाळी सातच्या आत चढा, बाटल्या दोन न्या आणि ओआरएस खिशात ठेवा, टेबलावर नको. धारूरहून केज, अंबाजोगाई करत एसटीने संध्याकाळी लातूरला घरी. मुलीने दारातच गॅदरिंगचे फोटो पुढे केले. ते बघताना मला रडू आलं आणि तिला वाटलं तिचा नाच आवडला म्हणून.

घरी आल्यावर

बुटांबद्दल विचाराल तर आजपर्यंत आठ महिने रोज वापरले. टाचेकडे थोडे झिजलेत, शिवण शाबूत आहे. बाराशेत उत्तम. ओल्या फरशीवर जपून.

दुकानदाराला बायकांचं म्हणणं शब्दशः सांगितलं. आधी तो हसला, मग ऐकू लागला. त्याच कंपनीचा एक जुना नमुना त्याने आतून काढला, वरून जाड कापडाचा, तळ खरबरीत, आणि किंमतही कमी. मी फोटो आणि दुकानाचा पत्ता कौसाबाईंना पाठवला. उत्तर आलं नाही. मेमध्ये कळलं, चारा पुरला, एकही गाय विकली गेली नाही. पुढे पाऊस बरा झाला. दिवाळीच्या सुमारास दुकानदाराचाच फोन आला, "ताई, धारूरकडच्या दोन बायका आल्यात, कागदावर पायांचे ठसे काढून आणलेत सगळ्यांचे."

मी धावत गेले. कौसाबाई आणि शांताबाई, नवी लुगडी नेसून, प्रत्येक कागदावर बूट ठेवून बघत होत्या. त्यांना जेवायला घरी घेऊन आले. निघताना मी त्या अर्ध्या हंड्याबद्दल बोलायला लागले. इतके महिने जमवून ठेवलेलं सगळं बोलायचं होतं. कौसाबाईंनी मधेच थांबवलं, "किती दिवस डोक्यावर घेऊन हिंडतीस? उतरव आता."

मागच्या आठवड्यात त्यांनी फोटो पाठवला. संस्थेच्या दाराबाहेर तीसेक जोड रांगेत. खाली कौसाबाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज होता, "सगळे सारखेच. पैल्या दिवशी बाया एकमेकींचे घालून घरी गेल्या. आता जिनं तिनं आपल्या लुगड्याची चिंधी बांधलीय नाडीला. आता चुकत न्हाई कुणी."

फोटो मोठा करून मी एकेक चिंधी पाहिली. हिरवी, जांभळी, ठिपक्यांची, एक जुनी विटकी. त्या दाराच्या आत दूध मोजलं जात होतं आणि ऊसतोडीचा हंगाम सुरू झालेला असूनही बायका घरी होत्या.